पाण्याखालची घराणी : प्रस्तावना

बोटीच्या डेकवर दोन अनोळखी डायव्हर शेजारी बसले, की नावगाव विचारण्याआधी दोघांची नजर एकमेकांच्या सामानावरून फिरते. पोटरीला सुरी बांधली आहे का, मास्कला स्नॉर्केल लटकते आहे का, पिवळा ऑक्टोपस, म्हणजे जोडीदारासाठीचा राखीव रेग्युलेटर, छातीवर नीट अडकवला आहे की मागे कुठेतरी लोंबतो आहे, पाठीला खिशांचे फुगीर जॅकेट आहे की धातूची बॅकप्लेट आणि तिला जोडलेली फुगणारी विंग, सिलिंडर पाठीवर आहे की दोन्ही काखांखाली. एवढ्यावर निकाल लागतो. जॅकेटवाला म्हणजे सुट्टीत चार दिवसांत कार्ड मिळवलेला पर्यटक. नखशिखांत काळा, एकही पट्टा जास्त नसलेला म्हणजे पंथाची दीक्षा घेतलेला कट्टर. काखांखाली सिलिंडर बांधणारा साइडमाउंटवाला म्हणजे बाकीचे पाण्यात उतरले तरी आपले बकल चाचपत बसणारा. रीब्रीदरवाला, म्हणजे सोडलेलाच श्वास शुद्ध करून पुन्हा घेणारा, पैसेवाला आणि जिवावर उदार. मोठा कॅमेरा हातात असलेला माणूस जोडीदाराला विसरणार आणि फोटोपायी प्रवाळावर फिन्स आपटणार, हे गृहीतच धरलेले. रंग उडालेला वेटसूट घातलेला म्हातारा तोंड उघडेल तेव्हा ‘आमच्या वेळी’ असेच म्हणेल, हेही. या प्रत्येक शिक्क्यावर विनोद आहेत, आणि ते विनोद ज्याच्यावर असतात तोच पुष्कळदा सगळ्यांत रंगवून सांगतो.

हे शिक्के, आणि ते मारून झाल्यावरही त्याच डेकवर जमणारी दोस्ती, हा या संग्रहाचा विषय आहे. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत असे समजले जाते. शिक्के हा डायव्हरांचा दुर्गुण आणि बंधुभाव हा सद्गुण, म्हणून पहिला टाकून दुसरा वाढवावा, असा उपदेश या छंदाच्या नियतकालिकांतून वर्षानुवर्षे केला जातो. मला तो पटत नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. ज्याच्याबरोबर खाली जायचे त्याच्या हाती अडचणीच्या वेळी आपला श्वास असतो, आणि तो माणूस कसा आहे हे ठरवायला वरती मोजकी मिनिटे मिळतात. शिक्का ही घाईत केलेली पारख आहे. ती चुकते, पण बिनबुडाची नसते, कारण प्रत्येक पद्धतीच्या सामानामागे कुठल्यातरी एका पाण्याने शिकवलेला धडा असतो, आणि तो धडा बहुधा कुणाच्या तरी मृत्यूतून आलेला असतो.

पाण्याशी संबंध नसलेल्या वाचकासाठी इथे थोडे गणित मांडायला हवे. समुद्रात दर १० मीटरला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. ३० मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून तिथे प्रत्येक श्वासाला चौपट हवा खर्च होते. १२ लिटरचे सिलिंडर २०० बारपर्यंत भरले तर त्यात सुमारे २४०० लिटर हवा असते. मिनिटाला २० लिटर घेणाऱ्याला ती जमिनीवर दोन तास पुरेल, ३० मीटरवर अर्धा तास. एकाच्या हवेवर दोघे आले की पंधरा मिनिटे, आणि घाबरलेला माणूस २० लिटरवर थांबत नाही. थेट वर पळून जाण्याची सोयही नाही. श्वास रोखून वर गेले तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावून फुप्फुस फाटू शकते, आणि खोलवर शरीरात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर येताना बुडबुडे होऊन रक्तात आणि ऊतींत अडकतो. डायव्हर्स अलर्ट नेटवर्कच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हरांचे ९४७ मृत्यू तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, ज्या घटनांची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आले त्यांपैकी ४१ टक्क्यांत सुरुवात हवा अपुरी पडण्याने झाली होती. उपकरणाच्या अडचणीचा वाटा १५ टक्के होता. म्हणजे ज्या सामानावरून भांडणे होतात ते बिघडून माणसे त्या मानाने कमी मरतात. पण त्या भांडणांच्या तळाशी एकच प्रश्न असतो: माझी हवा संपली तर तू काय करशील, आणि तू ते करशील हे मला आधी कसे कळावे? विंगच्या आकारापासून नळीच्या लांबीपर्यंतचे सगळे वाद याच प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे आहेत.

या क्षेत्राचा इतिहास शोधांच्या सनावळीने सांगण्याची रीत आहे. जॉन स्कॉट हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून बनवलेली, थांबत थांबत वर येण्याची कोष्टके १९०८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९४३ मध्ये झाक-ईव कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वास घेताना लागेल तेवढीच हवा देणारा रेग्युलेटर, म्हणजे अ‍ॅक्वालंग, तयार केला. कूस्तो यांच्या ‘द सायलेंट वर्ल्ड’ या चित्रपटाला १९५६ मध्ये कानचा पाम द’ओर मिळाला आणि समुद्राचा तळ सामान्य माणसाच्या स्वप्नात आला. एवढे प्रत्येक पुस्तकात असते. आपल्याला अधिक उपयोगाचा इतिहास आहे तो शिकवणाऱ्या परंपरांचा. त्यासाठी आपल्या संगीतातला घराणे हा शब्द मला सोयीचा वाटतो. घराण्याची गायकी मूळ गायकाच्या गळ्याला धरून घडते आणि मग त्या गळ्याच्या मर्यादाही शिष्य सौंदर्य म्हणून उचलतात, असे म्हणतात. डायव्हिंगमध्ये गळ्याच्या जागी पाणी आहे. जिथले पाणी, तशी शिस्त. आणि त्या पाण्यापुरती असलेली गरज पुढच्या पिढीत तत्त्व होऊन बसते.

ब्रिटनचे पाणी थंड, गढूळ आणि भरती-ओहोटीच्या ओढीचे. तिथे १९५३ मध्ये ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापन झाला तो शाखा-शाखांचा क्लब म्हणूनच. शिकवणारे बिनपगारी सभासद, हिवाळाभर तलावातला सराव, क्लबची स्वतःची बोट, आणि डायव्ह संपल्यावर सगळ्यांनी मिळून ती ओढून काढायची. या परंपरेत जोडीदार आधीपासून ओळखीचा असतो. त्याला पारखायला वर्ष मिळते. म्हणून ब्रिटिश क्लब-डायव्हर म्हणजे ड्रायसूट, बिअरने सुटलेले पोट आणि कुठल्याही हवामानात ‘आज ठीक आहे’ म्हणणारा माणूस, हा शिक्का प्रेमाचा आहे. फ्रान्सचा प्रकार निराळा. भूमध्य समुद्राचे पाणी स्वच्छ, कडा सरळ खोल गेलेली, आणि अनुभवी म्होरक्याच्या मागून जाण्याची पद्धत. तिथल्या डायव्हिंग-महासंघाने प्रगत डायव्हरांना साध्या हवेवर ६० मीटरपर्यंत जाऊ दिले. अमेरिकी संस्थांनी हौशी डायव्हरची सीमा ४० मीटरवर आखली. एका देशातला नेहमीचा रविवार दुसऱ्या देशात वेडेपणा ठरतो तो असा. १९५९ मध्ये मोनॅकोत स्थापन झालेल्या आणि कूस्तो यांना पहिले अध्यक्ष करणाऱ्या सीएमएएस या जागतिक संघटनेने ताऱ्यांची श्रेणी काढून राष्ट्रीय पद्धतींना एका मापात बसवायचा प्रयत्न केला. कागदावर तो बराचसा जमलाही.

अमेरिकेत सुरुवात कडक होती. १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस काउंटीचा प्रशिक्षक-अभ्यासक्रम, १९५९ मध्ये वायएमसीएचा, १९६० मध्ये नॉई या प्रशिक्षकांच्या संघटनेची स्थापना. यांतल्या शिकवणुकीवर नौदलाची छाया होती. विद्यार्थ्याचा मास्क ओढायचा, हवा बंद करायची, तो घाबरतो का पाहायचे. जे टिकले ते उत्तम झाले, आणि जे टिकले ते बहुतेक तरुण, धडधाकट पुरुष होते. डॉटी फ्रेझियरसारखी स्त्री १९५५ मध्ये प्रशिक्षक झाली तो अपवाद. १९६६ मध्ये जॉन क्रोनिन आणि राल्फ एरिकसन यांनी पॅडी ही प्रशिक्षणसंस्था सुरू केली. शिक्षणाचे लहान तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला कार्ड दिले आणि दुकानाच्या धंद्याशी त्याची सांगड घातली. जुन्या मंडळींनी त्या आद्याक्षरांचा ‘आणखी एक डॉलर टाका’ असा विस्तार केला आणि तो विनोद आजही शिळा झालेला नाही. कार्डांची विक्री होते हे खरेच आहे. पण पन्नाशीतली बाई, चष्मा असलेला मुलगा, पोहण्यात बेताचा असलेला कारकून यांना पाण्याखाली जाता आले ते याच बाजारामुळे, हे हसणाऱ्यांनी विसरू नये. ज्या जॅकेटची चेष्टा होते तेही याच गरजेतून रूढ झाले. स्वच्छ उबदार पाणी, भाड्याचे सामान, रोज नवी माणसे. तर चटकन अंगावर चढणारे, चार मापांत मिळणारे, खिसेवाले जॅकेट आणि ज्याला कधी भेटलो नाही त्यालाही लांबून दिसेल असा पिवळा राखीव रेग्युलेटर. अनोळखी माणसांसाठी बनवलेले सामान आहे ते, आणि त्या कामाला चांगले आहे.

सगळ्यांत कडवट शिक्के मात्र समुद्रात तयार झालेच नाहीत. ते फ्लोरिडाच्या गोड्या पाण्याच्या गुहांत तयार झाले, आणि या संग्रहाचा मोठा भाग तिथे रेंगाळतो. या गुहांचे पाणी इतके नितळ असते की ज्याला गुहेचे काहीही शिक्षण नाही असा माणूसही आत ओढला जातो. मग त्याची एक फिन तळाला लागते, गाळ उठतो, आणि हाताचा पंजाही दिसेनासा होतो. डोक्यावर छत असल्याने वर जाणे हा पर्यायच उरत नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत इथे इतके लोक बुडाले, की गुहा बंद कराव्यात अशी मागणी होऊ लागली. शेक एक्स्ली या शाळाशिक्षकाने १९७९ मध्ये ‘बेसिक केव्ह डायव्हिंग’ नावाची छोटी पुस्तिका लिहिली. तिची पद्धत साधी आणि कठोर होती. एकेक मृत्यू घ्यायचा, त्यात कोणता नियम मोडला ते पाहायचे, आणि नियम तेवढेच ठेवायचे जे मृत्यूंनी सिद्ध केले आहेत: बाहेरच्या मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी, हवेचा तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला आणि उरलेला अडचणीसाठी, आणि साध्या हवेवर खोलीची मर्यादा. स्वतः एक्स्ली १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या साकातोन या खोल विवरात खोलीच्या विक्रमाचा प्रयत्न करताना वारला. त्याच्या पुस्तिकेने मात्र या छंदात एक नवी गोष्ट आणली: अपघाताचे विश्लेषण हाच अभ्यासक्रम.

याच गुहांत विल्यम होगार्थ मेन याच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी घडली. अंगावर गरजेपेक्षा एकही वस्तू जास्त नको, आणि जी आहे ती डोळे मिटून सापडली पाहिजे. तिचा गाभा म्हणजे सुमारे दोन मीटरची लांब नळी. हवा संपलेल्या जोडीदाराला राखीव रेग्युलेटर द्यायचा नाही. आपल्या तोंडातला, चालू आहे याची खात्री असलेला रेग्युलेटर काढून द्यायचा, आणि स्वतः गळ्यात अडकवलेला दुसरा घ्यायचा. घाबरलेला माणूस तसाही समोरच्याच्या तोंडातलाच ओढतो. नळी लांब एवढ्यासाठी, की अरुंद बोळातून दोघांना एकामागे एक बाहेर पडता यावे. वकुला झऱ्याच्या सुमारे ९० मीटर खोल बोगद्यांचा शोध घेणाऱ्या वुडव्हिल कार्स्ट प्लेन प्रोजेक्टने १९९० च्या दशकात ही मांडणी संघाची सक्ती केली. प्रत्येकाचे सामान एकसारखे, पोहण्याची ढब एकसारखी, श्वासाचे मिश्रवायूही ठरलेले. या शिस्तीला त्यांनी दिलेले नाव ‘डुइंग इट राइट’ असे होते, आणि नावातच भांडण होते, कारण हे बरोबर तर बाकीचे काय? बाकीच्यांसाठी त्यांनी अपमानाचा एक शब्दही रूढ केला. बाकीच्यांनी उलट त्यांना पंथ म्हटले. १९९८ मध्ये त्याच संघातल्या जॅरड जॅब्लॉन्स्की याने ग्लोबल अंडरवॉटर एक्सप्लोरर्स ही संस्था काढली. शिस्त तीच, भाषा पुष्कळ सौम्य. या घराण्याचे मोठेपण आणि त्याचा अहंकार एकाच मुळातून येतात असे मला वाटते. सगळे एकसारखे असले की पारख करायची गरजच उरत नाही. अनोळखी सदस्यही ओळखीचा असतो. पण मग जो वेगळा दिसतो तो धोका वाटू लागतो, आणि २० मीटरच्या उबदार प्रवाळावर मजेत तरंगणाऱ्या माणसालाही गुहेच्या कायद्याने शिक्षा सुनावली जाते.

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या बुडालेल्या जहाजांत उतरणाऱ्या डायव्हरांनी या शिस्तीकडे बरीच वर्षे नाक मुरडून पाहिले. १९५६ मध्ये बुडालेले ‘आंद्रेआ दोरिया’ हे त्यांचे तीर्थ: सत्तर मीटरहून अधिक खोल, अंधारे, केबल आणि जाळ्यांनी वेढलेले. गुहावाले दोरी सोडत आत जातात. हे लोक म्हणत, जहाजात दोरीच अडकते, म्हणून थोडे थोडे आत जाऊन वाट पाठ करावी. दोन्ही बाजूंकडे आपापले मृत होते आणि आपापला पुरावा. १९९१ मध्ये न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर एक अनोळखी जर्मन पाणबुडी सापडली. तिची ओळख पटेपर्यंत तीन डायव्हर मेले. जॉन चॅटरटन आणि रिची कोलर हे दोघे प्रतिस्पर्धी टोळ्यांतले आणि एकमेकांविषयी मत वाईट असलेले. त्याच पाणबुडीने त्यांना एकत्र आणले, आणि १९९७ मध्ये ती यू-८६९ असल्याचे त्यांनी सिद्ध केले. रॉबर्ट कर्सन यांनी ‘शॅडो डायव्हर्स’ या पुस्तकात ही मैत्री गाजवली आहे. तिच्यातली मला लक्षणीय वाटणारी गोष्ट अशी, की त्यांचे मन वळवले ते सद्भावनेने नव्हे. दुसरा माणूस अंधारात काय करतो हे प्रत्येकाने पुन्हा पुन्हा पाहिले, आणि मूळचा शिक्का त्या पाहण्यापुढे टिकला नाही.

काल पाखंडी तो आज रुळलेला, हेही या इतिहासात अनेकदा घडले. मायकेल मेन्डुनो यांच्या ‘अ‍ॅक्वाकोअर’ मासिकाने १९९० पासून या प्रगत डायव्हिंगला व्यासपीठ दिले, आणि ‘टेक्निकल डायव्हिंग’ हे नावही त्यांनीच रूढ केले. त्याच सुमारास नायट्रॉक्सला, म्हणजे ऑक्सिजनचे प्रमाण वाढवलेल्या हवेला, ‘जादूटोण्याचा वायू’ म्हणून हिणवले जात होते आणि व्यापारी प्रदर्शनातून ती शिकवणाऱ्यांना बाहेर ठेवण्याचा प्रयत्न झाला. १९९६ मध्ये पॅडीनेच तिचा अभ्यासक्रम काढला. आज ती रिसॉर्टवर मिळते. साइडमाउंटची मुळे इंग्लंडच्या चिखलभरल्या, सरपटत जायच्या गुहांत. आज तो समुद्रात पाठदुखी असलेल्यांचा आवडता प्रकार आहे. रीब्रीदर तर अ‍ॅक्वालंगहून जुना. हेन्री फ्लूसचे उपकरण १८७८ चे. हौशी माणसाला विकत मिळणारा ‘इन्स्पिरेशन’ मात्र १९९७ मध्ये बाजारात आला.

आता आक्षेप. पहिला, की घराणी वगैरे काही नाही, हा कंपन्यांचा बाजार आहे. जो काळी विंग घेतो त्याला काळी विंग विकणाऱ्याने घडवले आहे. यात तथ्य आहे. प्रशिक्षणसंस्था धंदा करतात आणि शिक्का धंद्याला मदत करतो. पण बाजाराने लांब नळीची गरज निर्माण केली नाही. ती एका बोळात अडकलेल्या माणसांनी निर्माण केली. बाजार नंतर आला, आणि त्याने त्या गरजेला ती जिथे नव्हती तिथेही नेऊन विकले. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. प्रत्येक पद्धत आपल्या पाण्यापुरती बरोबर, असे म्हटले की सगळ्यांनाच माफी मिळते; काही पद्धती खरोखरच अधिक सुरक्षित असतील तर काय? त्या असतात. तोंडातला रेग्युलेटर देण्याची रीत उघड्या समुद्रातही चांगली आहे आणि ती हळूहळू सगळीकडे पसरतेही आहे. छातीवर न लोंबणारे सामान प्रवाळाला वाचवते, गुहा असो वा नसो. पाण्याशी नाते दाखवल्याने तुलना थांबत नाही. उलट कशाची कशाशी तुलना करायची ते कळते: दोन मीटरची नळी ही गुहेची गरज आहे, पण त्या नळीमागचा विचार, की मदत मागणारा नेमके काय ओढेल हे आधी ठरवा, सगळ्या पाण्यांचा आहे. या संग्रहातले लेखक हे दोन वेगळे काढताना एकमेकांशी सहमत नाहीत, आणि संपादनात ते मतभेद मुद्दाम तसेच राहू दिले आहेत.

तिसरा आक्षेप बंधुभावाचाच आहे. जोडीदार ही अनेकदा अंधश्रद्धा असते, असे अनुभवी डायव्हर म्हणतात. बोटीवर कोणीतरी कोणालातरी जोडून दिलेले, पाण्यात गेल्यावर दहा मीटर अंतरावर आपापले मासे बघणारे दोघे एकमेकांना वाचवणार नाहीत. आणि जोडीदार आहे या भरवशावर दोघेही निष्काळजी होतील. म्हणून काही संस्था आता एकट्याने डायव्ह करायचे रीतसर शिक्षण देतात: दुप्पट हवा, दुसरा मास्क, स्वतंत्र रेग्युलेटर. हा आक्षेप मला जवळजवळ पूर्ण मान्य आहे, आणि तोच माझ्या म्हणण्याला आधार देतो. गळ्यात गळे घालणे, संध्याकाळी एकत्र बसणे, मोहिमेचे टी-शर्ट, हे सगळे बंधुभावाचे अलंकार आहेत. बंधुभाव स्वतः फार कोरडा असतो. पाण्यात उतरण्याआधी एकमेकांचे व्हॉल्व्ह उघडे आहेत का पाहणे, ‘तुझी हवा किती’ हे खुणेने विचारणे, आणि समोरच्याने त्याचा राग न मानणे. जिथे हे होत नाही तिथे एकट्याने जाणे अधिक प्रामाणिक.

२०१८ च्या जून-जुलैत थायलंडच्या थाम लुआंग गुहेत हे सगळे शिक्के एका जागी जमले. बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने आत अडकले होते. थाई नौदलाचे जवान उत्तम होते, पण त्यांचे शिक्षण उघड्या समुद्राचे. गुहेच्या तोंडाशी आलेले ब्रिटिश गुहावाले मध्यमवयीन, सामान घरी जोडलेले, दिसायला सैनिकासारखे बिलकूल नसलेले. त्यांच्याविषयी सुरुवातीला शंका घेतली गेली यात नवल नाही. रिक स्टँटन आणि जॉन व्होलँथेन यांना २ जुलैला मुले जिवंत सापडली. ६ जुलैला समन कुनान हे नौदलाचे माजी जवान आत सिलिंडर पोहोचवून परतताना मृत्युमुखी पडले. मग रिचर्ड हॅरिस या ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ गुहा-डायव्हरने मुलांना गुंगी दिली, ब्रिटिशांनी एकेकाला बाहेर ओढत आणले, आणि मधल्या टप्प्यांवर थायलंडमध्येच राहणारे, एरवी पर्यटकांना शिकवणारे युरोपीय टेक्निकल प्रशिक्षक सिलिंडर बदलायला उभे होते. उपसा पंपांच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंते गेले होते, हे मराठी वाचकाला आठवत असेल. ८ ते १० जुलैदरम्यान तेराही जण बाहेर आले. या घटनेतून ‘संकटात सगळे एक होतात’ असा निष्कर्ष काढला जातो. तो मला अपुरा वाटतो. तिथे कोणीही आपले घराणे सोडले नाही. उलट कोणत्या घराण्याचे काम कुठे संपते हे लवकर ओळखले गेले. मुलांना पाण्याखालून बाहेर आणण्याचे काम समुद्राच्या जवानांनी गुहावाल्यांवर सोडले, गुहावाल्यांनी पहिली भूल देण्याचे काम डॉक्टरवर सोडले. नेमकी पारख झाली म्हणून एकमेकांवर विसंबता आले.

मराठीत हे पुस्तक आत्ता का, याचे उत्तर मालवणच्या किनाऱ्यावर आहे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षणसंस्था आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पर्यटकांना पाण्याखाली नेणाऱ्या बोटी पावसाळा सोडून चालू असतात, आणि गोव्यातल्या ग्रँड आयलंडकडे व कर्नाटकातल्या नेत्राणीकडे पुण्या-मुंबईहून रीतसर शिकायला जाणारे वाढले आहेत. त्याबरोबर आपला स्वतःचा शिक्काही तयार झाला आहे. अंदमानात कार्ड मिळवून आलेला माणूस ‘मालवणला स्कूबा केला’ म्हणणाऱ्याला हसतो, कारण तिथे मागून कोणीतरी सिलिंडर धरून नेते आणि आपण फक्त श्वास घेतो. हसणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तो अनुभव म्हणजे डायव्हिंगचे शिक्षण नव्हे. पण त्यात मागच्या माणसाचे काम कुणी पाहत नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने श्वास घेणारा, कदाचित पोहताही न येणारा माणूस हातात धरायचा, त्याच्या बुडबुड्यांवरून तो घाबरला आहे का ओळखायचे, खुणेने शांत करायचे, गरज पडली तर अलगद वर आणायचे, आणि बोटीवर पुढचा तयारच असतो. ही एकतर्फी जोडीदारी आहे, आणि जगातल्या कुठल्याही घराण्याने तिचा पुरेसा अभ्यास केलेला नाही. किनाऱ्यावरच्या मुलांना ओहोटी, वारा आणि पाणी कधी गढुळेल याची जी जाण असते ती कार्डावर छापता येत नाही. दुसऱ्या बाजूने, माणसांची गर्दी, घाई, आणि १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेल्या परिसरातल्या प्रवाळावर पडणारे पाय, याविषयी कार्डवाल्यांची तक्रारही खोटी नाही. आपल्याकडे ही दोन जगे अजून एकमेकांना हसण्याच्या पायरीवर आहेत. इतर देशांत अशी भांडणे मृत्यूंच्या खर्चाने मिटली, किंवा मिटली नाहीत. आपल्याला ती आधी वाचता येतात, एवढा उशिरा सुरुवात केल्याचा फायदा.

या संग्रहाने काय करायचे ठरवले ते आता थोडक्यात. प्रत्येक घराण्याची बाजू त्या घराण्याच्या उत्तम माणसाने मांडावी तशी मांडायची, तिचा विनोदही सांगायचा, आणि मग तिला तिच्या पाण्याकडे परत न्यायचे, हा क्रम बहुतेक लेखांत आढळेल. कोणते सामान घ्यावे याची शिफारस कुठेही नाही. उत्पादनांची नावे इतिहासासाठी लागली तेवढीच आली आहेत. स्त्री-डायव्हरांवरच्या लेखांना अधिक जागा दिली आहे, कारण ‘हिला सिलिंडर उचलता येईल का’ हा सगळ्यांत जुना शिक्का सामानाकडे न पाहताच मारला जातो आणि जॅकेटची मापेही फार काळ पुरुषांच्या छातीवरूनच घेतली गेली. नौदलाचे आणि बंदरांत, तेलविहिरींवर काम करणारे व्यावसायिक डायव्हर मात्र मुद्दाम वगळले आहेत. त्यांचा जोडीदार नोकरी ठरवते, हवा बहुतेकदा वरून नळीने येते, आणि त्यांच्यातल्या मैत्रीला व वैराला पगार, कंत्राट आणि हुद्दा यांचा असा पदर आहे की त्याला स्वतंत्र पुस्तक लागेल. श्वास रोखून जाणारे फ्रीडायव्हर एकाच लेखात येतात, तेही स्कूबावाल्यांकडे ते कसे पाहतात एवढ्यापुरते. मापे सगळीकडे मीटर, लिटर आणि बारमध्ये दिली आहेत. अमेरिकी लेखनातले फूट आणि पीएसआय त्यात बदलून घेतले आहेत, म्हणून खोलीचे काही प्रसिद्ध आकडे ओळखीच्या गोल संख्येऐवजी थोडे वेडेवाकडे दिसतील. खोली, वायू आणि वेळ यांचे जे हिशेब लेखांत आहेत ते समजण्यासाठी आहेत. पाण्यात उतरण्यासाठी प्रशिक्षकच गाठावा लागेल.